मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परवान्याची वाट प्रवेशाच्या वेळीच सांगावी : विदर्भातील अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, मानसशास्त्र अभ्यासमंडळे, विदर्भातील विद्यापीठे,
तसेच तालुक्यांच्या ठिकाणी मानसशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांचे मा. प्राचार्य यांस

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या कला महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवते आणि हे पत्र माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींसाठी लिहीत आहे. आपणांकडे माझे मुख्य मागणे एकच आहे. मानसशास्त्र विषय घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला, प्रवेशाच्या दिवशी, मराठीत आणि लेखी स्वरूपात हे सांगितले जावे की या पदवीच्या आधारे काय करता येते, काय करता येत नाही, आणि रुग्ण तपासण्याचा कायदेशीर अधिकार हवा असेल तर पुढे कोणते प्रशिक्षण, किती वर्षांचे आणि कोणाच्या मान्यतेचे घ्यावे लागते. आज ही माहिती अनेकांना एम.ए.चा निकाल हाती आल्यावर मिळते, आणि तोवर बारावीनंतरची पाच वर्षे आणि घरच्यांचे पैसे खर्ची पडलेले असतात.

आमच्या भागातील मुले या विषयाकडे केवळ सोपा विषय म्हणून येतात असा एक समज आहे, तो मला मान्य नाही. काही जण तसे येत असतीलही; पण कोणाच्या घरात किंवा गल्लीत शेतकऱ्याची आत्महत्या झालेली असते, कोणाचा भाऊ दारूत बुडालेला असतो, कोणी आपल्या आईला वर्षानुवर्षे देवऋष्याकडे नेले जाताना पाहिलेले असते, आणि या साऱ्याचा काही अर्थ लागावा, त्यावर काही करता यावे, या ओढीने ती मुले वर्गात बसतात. म्हणूनच पहिल्या वर्षालाच एखादी मुलगी विचारते, “मॅडम, एम.ए. झाल्यावर मले दवाखाना टाकता येईन काय?” या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर द्यायला एक तास लागतो, आणि ते उत्तर आपण नेमलेल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडलेले नाही. ते शिक्षकाच्या स्वतःच्या माहितीवर सोपवलेले आहे, त्यामुळे एका महाविद्यालयात एक उत्तर मिळते आणि वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या महाविद्यालयात वेगळे.

कायद्याची बाजू आधी मांडते, कारण सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ मध्ये संमत झाला आणि १९९३ पासून लागू आहे. या कायद्याने पुनर्वसन क्षेत्रातील ज्या व्यावसायिकांची नावे घेतली आहेत त्यांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा, म्हणजे मानसिक विकारांची तपासणी आणि औषधांविना उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचा, समावेश आहे. कलम १३ असे सांगते की परिषदेने मान्य केलेली अर्हता आणि परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी असल्याखेरीज कोणालाही असा व्यावसायिक म्हणून शासकीय पद धारण करता येत नाही, देशात कोठेही व्यवसाय करता येत नाही, कायद्याने आवश्यक असलेल्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. याचा भंग करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटली तरी कारावासाची तरतूद किरकोळ नाही, आणि गावात पाटी लावून बसलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला ती कोणीही सांगितलेली नसते.

त्यानंतर आलेला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणावे याची स्वतंत्र व्याख्या आहे. पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून घेतलेली क्लिनिकल सायकॉलॉजीतील मान्यताप्राप्त अर्हता हा एक मार्ग. किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि तिच्यानंतर दोन वर्षे पूर्णवेळ, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली रुग्णसेवेचे प्रशिक्षण घेऊन मिळवलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची परिषदमान्य एम.फिल., हा दुसरा. नुसती एम.ए. या व्याख्येत बसत नाही. नुसती पीएच.डी.सुद्धा बसत नाही, आणि हे ऐकून केवळ विद्यार्थीच नव्हे तर काही प्राध्यापकही चकित होतात. याच कायद्याच्या कलम १०६ नुसार कोणत्याही मानसिक आरोग्य व्यावसायिकाला आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरचे औषध किंवा उपचार सुचवता येत नाहीत. औषधे लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर असतो आणि मानसशास्त्र शिकून त्या पदापर्यंत जाता येत नाही, हेही बारावीच्या मुलांना स्पष्ट सांगावे लागते, कारण गावाकडे दोघांनाही एकाच नावाने ओळखतात.

आता ज्या ठिकाणी मुले सर्वांत जास्त फसतात त्याकडे येते. अनेक विद्यापीठांत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला क्लिनिकल सायकॉलॉजी हे विशेषीकरण घेता येते, आणि गुणपत्रिकेवर किंवा पदवीवर तसा उल्लेखही असतो. दुसरीकडे पुनर्वास परिषदेने स्वतः एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणला आहे. नावे सारखी, परंतु परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून ही पदवी घेतली तरच नोंदणीचा मार्ग उघडतो, अन्यथा ती मानसशास्त्रातील एक सर्वसाधारण पदव्युत्तर पदवी ठरते. परिषदेची मान्यता विद्यापीठाला सरसकट दिलेली नसते. ती विशिष्ट संस्थेला, विशिष्ट अभ्यासक्रमाला, ठरावीक जागांसाठी आणि ठरावीक मुदतीपुरती असते, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी परिषदेच्या यादीत त्या संस्थेचे नाव त्या वर्षासाठी आहे की नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः पाहणे अत्यावश्यक असते. ‘विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे’ हे माहितीपुस्तकातील वाक्य खरे असूनही या कामासाठी अपुरे असते. आमच्याकडील पालक ते वाक्य वाचून निर्धास्त होतात. त्यांना दोष देता येणार नाही, कारण मान्यता दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून लागते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

त्यातच गेल्या काही वर्षांत हे सारे चित्र बदलत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम.फिल. बंद करण्याचे ठरवले आणि २०२२ च्या विनियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने ती बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजीची सारी व्यवस्था मात्र याच एम.फिल.वर उभी होती. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क (मनोरुग्णांसाठीचे समाजकार्य) या दोन विषयांच्या एम.फिल.ला केवळ २०२५-२६ या शैक्षणिक सत्रापर्यंत मुभा दिली. ज्या विद्यार्थिनीने २०२१ मध्ये बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना ‘एम.ए. करून मग एम.फिल.’ असा बेत केला होता, तिच्या हाती एम.ए. येईपर्यंत ती वाटच बंद होत आली. तिच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर या बदलाची एक ओळही लागली नसेल, तर तो तिच्यावर झालेला अन्याय आहे असेच मी म्हणेन.

पुनर्वास परिषदेपलीकडे आणखी एक कायदा आता मानसशास्त्राला लागू झाला आहे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा अधिनियम २०२१ मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यविज्ञान या गटात मानसशास्त्रज्ञांचा उल्लेख आहे, आणि पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे आजवर ज्यांच्यासाठी कोणतीही वैधानिक नोंदवही नव्हती, त्या इतर मानसशास्त्रज्ञांनाही पुढे राज्य परिषदेकडे नोंदणी करावी लागेल अशी व्यवस्था या कायद्याने आखली आहे. या कायद्याचा पहिला मोठा परिणाम ग्रामीण विद्यार्थ्यांवर झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह या कायद्याखालील अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवण्यास मनाई केली. आमच्याकडे लग्न झालेल्या मुली, शिक्षिका, अंगणवाडी सेविका, शेती सांभाळणारी मुले यांना दूरस्थ एम.ए. हाच एक आधार होता. प्रशिक्षणाच्या दर्जाच्या दृष्टीने हा निर्णय योग्य आहे असे माझे मत आहे, कारण माणसाशी समोरासमोर बसण्याचे काम टपालाने आलेल्या पुस्तकांतून शिकता येत नाही; तथापि जी दारे बंद होतात त्यांच्याऐवजी कोणती दारे उघडी आहेत हे सांगण्याचे उत्तरदायित्व आपल्यावर येते, आणि ते आपण पार पाडलेले नाही.

नोंदणीचा हा आग्रह केवळ पदव्यांच्या मानपानाचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहिते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मुलाची बुद्धिमत्ता आणि दैनंदिन व्यवहारातील कुशलता या दोन्हींची चाचणी लागते. तिच्यावर त्या मुलाची सवलत, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन आणि पुष्कळदा शाळेतील त्याची जागा अवलंबून असते. या चाचण्यांचा विदर्भाशी जुना संबंध आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगण्यासारखे आहे. भारतीय मुलांसाठीची मॅलिन बुद्धिमत्ता श्रेणी डॉ. ए. जे. मॅलिन यांनी नागपुरात काम करत असताना तयार केली आणि दैनंदिन व्यवहारातील कुशलता मोजणाऱ्या विनेलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे त्यांनी केलेले रूपांतर आजही देशभर ‘नागपूर रूपांतर’ म्हणून ओळखले जाते. अशी चाचणी देताना प्रश्न कसा विचारायचा, किती थांबायचे, मूल गप्प आहे ते उत्तर येत नाही म्हणून की भाषा कळली नाही म्हणून, की त्याला नीट ऐकूच येत नाही म्हणून, हे ओळखणे अनुभवी पर्यवेक्षकाच्या शेजारी बसून पुष्कळ मुले तपासल्यावरच जमते. धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू मूल, भामरागडचे माडिया मूल किंवा आमच्याच जिल्ह्यातील कोलामपोडावरचे मूल प्रमाण मराठीतल्या प्रश्नांना अडखळले आणि अर्धवट शिकलेल्या परीक्षकाने तेवढ्यावरून त्याचा बुद्ध्यंक लिहून टाकला, तर तो आकडा त्या मुलाच्या कागदपत्रांत कायमचा चिकटतो. बी.ए.च्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी एकमेकांवर चाचण्या घेतात आणि प्रयोगवही पूर्ण करतात. ते शिक्षण आवश्यकच आहे, पण त्याला प्रशिक्षण समजण्याची चूक होऊ नये, आणि आपण त्यांना तो फरक सांगत नाही म्हणूनच ती होते.

याच कारणासाठी मला असेही वाटते की कोरकू, गोंडी, कोलामी किंवा वऱ्हाडी घरात बोलणाऱ्या आमच्या मुलांनी या मार्गाने शेवटपर्यंत जावे. शहरात शिकलेला उत्तम तज्ज्ञ जेथे दुभाष्यावर अवलंबून राहील तेथे आमची मुलगी थेट बोलेल. पण तिला तेथपर्यंत जायचे तर प्रवेशपरीक्षा बहुधा इंग्रजीत असतात, जागा थोड्या असतात कारण त्या मान्यताप्राप्त अध्यापकांच्या संख्येशी बांधलेल्या असतात, आणि खासगी संस्थांचे शुल्क लाखांत जाते. एम.फिल.ला एम.ए.मध्ये किमान ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी ५० टक्के गुणांची अट होती. ही अट एम.ए. झाल्यावर कळून काही उपयोग नव्हता, कारण गुण वाढवण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असे. नव्या अभ्यासक्रमांच्या अटीही मुलांना अशाच उशिरा कळू नयेत. सोयाबीन निघाल्यावर किंवा कापूस विकल्यावर जे पैसे घरात येतात त्यांतून शुल्क भरायचे असते, म्हणून बापाला निदान दोन-तीन वर्षे आधी ठाऊक हवे की पुढे किती खर्च आहे आणि शिष्यवृत्ती कोठून मिळू शकते.

परवान्याविना या विषयात काहीच करता येत नाही, असा या पत्राचा अर्थ कोणी काढू नये. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतील एच.आय.व्ही. समुपदेशन व चाचणी केंद्रे, किशोरवयीनांसाठीची आरोग्य केंद्रे, येथे मानसशास्त्राचे पदवीधर समुपदेशक म्हणून काम करत आले आहेत. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या ‘विश्राम’ या प्रकल्पात गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नैराश्याने ग्रासलेल्या लोकांना समुपदेशन दिले, आणि उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि त्याने बालक व किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, असे निर्देश दिले. तालुक्याच्या कोणत्याही महाविद्यालयात शंभराहून अधिक विद्यार्थी असतातच, म्हणजे कामाची गरज आमच्या दारातच आहे. समुपदेशकाने आपली मर्यादा ओळखावी, निदान करू नये, गंभीर रुग्ण वेळीच जिल्हा रुग्णालयाकडे पाठवावा आणि रात्री-अपरात्री १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे शासनाच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा, क्रमांक लोकांना द्यावा, एवढे जरी पदवीच्या वर्गात नीट शिकवले तरी गावाचे मोठे काम होईल.

शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावर उगवणक्षमता, वाण आणि मुदत छापलेली आहे का ते पाहतो, आणि ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच शेतकऱ्याच्या मुलीला पदवी देताना त्या पदवीने काय उगवेल हे सांगण्याचे बंधन आपण स्वतःवर घालून घ्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी दोन पानांचे मराठी पत्रक पुरेल. त्यात बी.ए., एम.ए., परिषदमान्य एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, परिषदेचा क्लिनिकल सायकॉलॉजीचा चार वर्षांचा बी.एस्सी. ऑनर्स, पुनर्वसन मानसशास्त्राची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका, आणि अध्यापनासाठीची नेट-सेट यांची वाट वेगवेगळी दाखवावी. नोंदणी कोणाकडे, तिचे नूतनीकरण कधी, हे लिहावे. आणि संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत कशी तपासायची ते पायरीपायरीने सांगावे. पत्रकावर वर्ष छापावे आणि दर मे महिन्यात ते नव्याने तपासावे, कारण जुने पत्रक हे पत्रक नसण्याइतकेच घातक ठरेल.

पत्रकावर थांबूनही भागणार नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला व्यवसाय, कायदा आणि नीतिनियम यांवर श्रेयांक असलेले एक घटक-प्रकरण असावे, ज्यात वर उल्लेखलेल्या चारही अधिनियमांची संबंधित कलमे आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता शिकवली जाईल आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येईल. परीक्षेत न येणारे प्रकरण आपल्याकडे शिकवले जात नाही, हे आपण सारे जाणतो. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाशी महाविद्यालयांनी संपर्क ठेवून वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना तेथील क्लिनिकल सायकॉलॉजिस्टशी बोलू द्यावे, रुग्णांच्या खासगीपणाला धक्का न लावता. प्रवेशपरीक्षेच्या इंग्रजीसाठी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासून दर आठवड्याला एक तास राखून ठेवावा. आणि प्रत्येक विद्यापीठाने एका अध्यापकाला हे सारे बदल पाहून महाविद्यालयांना कळवण्याची जबाबदारी लेखी आदेशाने द्यावी, म्हणजे ‘आम्हांला कळले नाही’ असे म्हणण्याची वेळ कोणावर येणार नाही.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे, की एवढे स्पष्ट सांगितले तर मुले या विषयाला प्रवेशच घेणार नाहीत, तुकड्या बंद पडतील आणि आधीच रिक्त असलेली पदे कायमची जातील. ही भीती खोटी नाही, कारण तालुक्याच्या महाविद्यालयांत विद्यार्थिसंख्येवरच विषय टिकतो, आणि माझी स्वतःची नोकरीही त्यावरच आहे. तरीही विद्यार्थ्याला अंधारात ठेवून टिकवलेली तुकडी मला नको आहे. शिवाय माझा अनुभव उलट आहे : वाट लांब आहे पण आहे, आणि तिच्यावर कोणते टप्पे आहेत, हे कळलेली मुले अधिक नेटाने अभ्यास करतात; आणि ज्यांना ती वाट परवडणार नाही ती वेळेत समाजकार्य, बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षांकडे वळतात, तीही समाधानाने.

परिषदमान्य प्रशिक्षणाच्या जागा विदर्भातील शासकीय संस्थांत वाढाव्यात, ही मागणी शासनाकडे करायची आहे आणि ती आपल्या ठरावाने गेली तर तिला वजन येईल. तो विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळे निवेदन देईन. पत्रकासाठी मात्र कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याचा मराठी मसुदा आम्ही काही शिक्षकांनी तयार केला आहे आणि तो आपणांकडे स्वतंत्रपणे पाठवत आहोत. आपल्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा, त्यातील उणिवा दुरुस्त कराव्यात आणि बारावीचे निकाल लागण्यापूर्वी तो सर्व संलग्न महाविद्यालयांकडे पोहोचेल असे पाहावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
मानसशास्त्राची एक अध्यापिका,
जिल्हा यवतमाळ